दमा कोणी नेला

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

तालुक्याच्या साप्ताहिकात काल भागवतने माझ्याविषयी जे वृत्त छापले आहे, त्यातील माझे नाव, उमाशंकर, तेवढे बरोबर आहे. मथळा असा: ‘भंडाऱ्याने गेला चाळीस वर्षांचा दमा, अणदूरच्या गुरुजींचे अनवाणी व्रत फळाला’. उरलेल्या मजकुराची दुरुस्ती येथे करून ठेवतो.

मी कोणतेही व्रत घेतलेले नाही.

गेल्या जानेवारीत खंडोबाची पालखी नळदुर्गाहून परत आली, तेव्हा मी चाळीस वर्षांनी प्रथमच त्या गर्दीत उभा राहिलो आणि अंगावर हळदीचा एवढा भंडारा पडूनही मला काही झाले नाही, हे खरे. परंतु दमा त्याच्याही वर्षभर आधी थांबला होता. जे अगोदरच थांबले आहे, ते नंतरच्या घटनेने थांबले असे म्हणता येत नाही. एवढे भान वार्ताहराला असावे.

‘गुरुजींच्या पत्नी जगदेवी यांनी महाशिवरात्रीच्या मुहूर्तावर देह ठेवला.’ चूक. ती ९ फेब्रुवारी २०२२ रोजी, बुधवारी गेली. महाशिवरात्र त्यानंतर होती. भागवतला अधिक शोभिवंत दिवस हवा होता.

‘पतिपत्नी दरवर्षी जोडीने भंडारा उधळीत.’ हेही चूक. मला धूळ सोसत नसे, म्हणून जगदेवी एकटी जात असे. आणि तीही गर्दीपासून दूर, दीपमाळेच्या पलीकडे उभी राहत असे. घरी परतताना तिच्या अंगावर भंडाऱ्याचा कणही नसे. मी स्वतः पाहत असे.

भागवत माझा विद्यार्थी. त्याला दूरध्वनी केला.

“गुरुजी, तुमी शाळेतबी मला कवा पुरे मार्क दिले न्हाईत. आता पेपरात कुठून देताल?”

“दुरुस्तीचे पत्र छापणार का, तेवढे सांग.”

“छापतो की. पर लोकांना दुरुस्ती लागत न्हाय, गुरुजी. सकाळपासून तिघांनी इचारलं, गुरुजींच्या पाया पडायला कवा जावं म्हणून.”

दुपारी खरोखरच जळकोटचे एक जोडपे आले. दोघांनी माझ्या अनवाणी पायांना हात लावले. पाय सुजले आहेत. ते त्यांच्या लक्षात आले नाही.

वहाणांविषयी पत्रात लिहिणार नाही. येथे लिहितो. जगदेवीला सोलापूरला नेले तेव्हा तिच्या वहाणा दारातच राहिल्या. ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर निघालो आणि माझी जोडी उचलली, तर तिची जोडी एकटी दिसली. मी माझी परत ठेवली. तेव्हापासून उचललेली नाही. डोळ्यांची गैरसोय टाळली, एवढेच. याला व्रत म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे.

दमा कोणी नेला, हे मला माहीत आहे. सोलापूरच्या रुग्णालयात जगदेवी हसत म्हणाली होती, “तुमचा दमा म्या न्येते संगं. मागं तुमाला कोन बघंल?” ‘म्या’ नव्हे, ‘मी’, असे मी तिला सांगितले. ती पुन्हा हसली. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास दमा थांबला.

हे भागवतला सांगण्यासारखे नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

सकाळी सोमेशचा पुण्याहून दूरध्वनी. त्याने जेवणाविषयी विचारले. मी ‘होय’ म्हटले. प्रकृतीविषयी विचारले; ‘उत्तम’ म्हटले. वृत्ताचे छायाचित्र त्याला कोणीतरी पाठवले होते. “छान लिहिलंय, बाबा,” म्हणाला. त्यातली आईच्या निधनाची तारीख चुकली आहे, असे मी सांगितले. “हो का?” म्हणाला आणि कोणाचा तरी दुसरा दूरध्वनी आला म्हणून थांबला.

संध्याकाळी ओढ्याकाठी अळूला पाणी घालताना डोळ्यांपुढे अंधारी आली. हा वाफा जगदेवीचा. तिच्या माघारी अळू कोणी खात नाही. मला त्याने घशाला खवखव होते. तरीही पाणी घालावे लागते. जागा सावलीची, बारमाही ओली. ऊसतोडीची माणसे उतरतात, तेव्हा तिकडेच आडोशाला जातात. त्याविषयी मी ग्रामपंचायतीला लेखी कळवले आहे.

शेजारच्या गजराबाईंनी मला बांधावर बसलेले पाहिले. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे. जगदेवीची त्यांच्याशी मैत्री होती. माझे बोलणे बेतानेच.

“गुरुजी, ह्या बारीला भंडारा न लावताच पिवळं पडलाव.”

“पांढरा पडलो, असे म्हणायचे असेल.”

“रंग मागनं ठरवू. दवाखान्यात कवा जाताव, ते सांगा.”

३० नोव्हेंबर, शनिवार

सरकारी दवाखान्यातील डॉक्टर संघप्रिया ही माझा विद्यार्थी अमरदीप याची मुलगी. परवा तिने रक्त व शौच तपासायला घेतले, आज निकाल सांगितला. हिमोग्लोबिन सात. आतड्यात अंकुशकृमी, तिच्या भाषेत हुकवर्म. तिने मला सूक्ष्मदर्शकातून त्यांची अंडी दाखवली. पातळ कवचाची, लंबगोल, नीटस होती.

“सर, हे मातीतून येतात. अनवाणी पायांच्या कातडीतून आत शिरतात, रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात, घशातून पोटात. आतड्याला चिकटून रक्त पितात. तुम्ही किती दिवस अनवाणी आहात?”

“जवळजवळ तीन वर्षे.”

“व्रत का?”

“गैरसोय,” मी म्हणालो. तिला कळले नाही. पुढे तिने दम्याचे जुने कागद पाहिले, शेवटचा झटका कधी आला ते विचारले आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

“सर, दम्यात काय होतं, तर शरीराचे पहारेकरी साध्या धुळीला चोर समजून गोंधळ घालतात. त्या गोंधळानंच श्वासनळ्या आवळतात. आता या जंतांना तुमच्या पोटात वर्षानुवर्षं राहायचंय. पहारेकऱ्यांनी हाकलून देऊ नये म्हणून ते त्यांना शांत करणारी द्रव्यं सोडतात. पहारेकऱ्यांना आवरणाऱ्या पेशी शरीरात असतातच, त्यांची संख्या वाढते. मग जंतांवरही ओरड होत नाही आणि धुळीवरही नाही.”

“म्हणजे माझा दमा जंतांनी थांबवला?”

“शक्यता आहे. सगळ्यांचं असं होत नाही. काही जातींच्या जंतांनी दमा उलट वाढतो. मुद्दाम जंत देऊनही दम्यावर प्रयोग झालेत, पण त्यातून उपचार असा हाती लागलेला नाही. मी खात्रीनं सांगणार नाही.”

खात्री नाही तेथे ‘खात्री नाही’ म्हणणारा मनुष्य फार दिवसांनी भेटला.

“मग त्यांना राहू दिले तर?”

“रक्त संपेल, सर. शिवाय पहारेकरी सगळ्यांसाठीच ढिले पडतात. अशा माणसांत काही लसी नीट लागू पडत नाहीत. शांत आहेत म्हणजे बरं चाललंय, असं नसतं.”

हे मला तत्काळ पटले. पस्तीस वर्षे शाळेत काढली. शांत वर्ग शिकतोच आहे असे नसते. बहुधा कोणीतरी धाक घातलेला असतो.

तिने जंतांची गोळी, लोहाच्या गोळ्या आणि वहाणा सांगितल्या. दमा उलटलाच तर म्हणून तोंडाने ओढायचा एक फवारा, म्हणजे इनहेलर, तोही दिला. “जानेवारीत देव परत येतात तेव्हा भंडाऱ्यात जाऊ नका,” असेही म्हणाली.

घरी आलो. किळस यावयास हवी होती, ती आली नाही. या घरात मी एकटा राहतो, असे मी आजवर सर्वांना सांगत आलो आहे. ते विधान तपासून घ्यावे लागेल.

गोळी घेतली नाही.

२ डिसेंबर, सोमवार

गजराबाई ज्वारीची भाकरी व ठेचा घेऊन आल्या. गोळी कपाटावर तशीच पाहून उंबऱ्यावर बसल्या.

“घशात आडकंल म्हणून भ्याव का?”

मी त्यांना सगळे सांगितले. आधी डॉक्टरांचे म्हणणे, मग जगदेवीचे वाक्य. ते मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. गोळी घेतली आणि दमा परत आला, तर तो जंतांनी थांबवला होता असे ठरेल. मग जगदेवीने नेला, या म्हणण्याला आधार राहणार नाही. गोळी न घेतल्यास दोन्ही शक्यता कायम राहतात. शिवाय यंदाही देव येताना मला तेथे उभे राहायचे आहे.

“आन् रगत?”

“ते कमी होत जाईल.”

“म्हंजे अक्का खरी ठरावी म्हणून तुमी मरताव.” त्या जगदेवीला अक्का म्हणत. “लई मोठा मान दिला की अक्काला.”

मी म्हणालो, जगदेवीला एवढ्या गोष्टीचे काही वाटले नसते; तिला भंडाऱ्याचीही फारशी हौस नव्हती, ती दूरच उभी राहत असे.

गजराबाई उंबऱ्यावरून अर्ध्या उठल्या.

“कोन म्हणलं?”

“मी पाहत असे. ती स्वच्छ परत येत असे.”

“गुरुजी, पालखीच्या म्होरं मधोमध नाचायच्या अक्का. येळकोट येळकोट करून घसा बसायचा. डोळे तेवढे दिसायचे, बाकी पिवळ्याधमक. मंग तशाच माझ्या न्हाणीत यायच्या. डोक्यावरनं पाणी घ्यायच्या, केस दोनदा धुवायच्या, दुसरं लुगडं नेसायच्या. कानात बोळा फिरवून मला इचारायच्या, राहिला का गं कुटं? त्यांना धाप लागंल. दरसाली. तुमाला ठावं न्हवतं?”

“नाही.”

“त्यांचं एक लुगडं आजून माझ्या ट्रंकेत हाय. न्या.”

मी म्हणालो, “राहू द्या तेथेच.”

भाकरी थंड झाली होती. खाल्ली.

४ डिसेंबर, बुधवार

सकाळी गोळी चावून घेतली. चव खडूसारखी. हा प्रयोग आहे, असे मी डॉक्टरांना सांगितले. “प्रयोग नाही सर, उपचार आहे,” म्हणाली. दोन्ही असू शकते.

श्वास मोकळा राहिला, तर जगदेवीचे म्हणणे सिद्ध. निकाल यावयाचा आहे.

२२ डिसेंबर, रविवार

पायांची सूज उतरली. जिना एका दमात चढलो. छातीवर हात ठेवून कान देऊन ऐकतो; शिट्टी नाही. धाप वेगळी आणि दमा वेगळा. धाप थांबल्यावर जाते, दम्यात आत कोणीतरी बारीक शीळ घालीत बसते. तशी शीळ नाही.

सोमेशला दूरध्वनीवर हे सांगावेसे वाटले. जंतांपासून आरंभ करावा की आईपासून, हे ठरेपर्यंत त्याचे बोलून संपले.

जगदेवीच्या वहाणांवरची धूळ पुसली. माझ्या घातलेल्या नाहीत. डॉक्टरांना ‘घालतो’ असे सांगितले आहे.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

गजराबाईंच्या अंगणात तूर बडवीत होते. शीळ.

थोडीच होती. बसून राहिल्यावर गेली. थंडीमुळेही होऊ शकते. एका घटनेवरून निष्कर्ष काढता येत नाही.

६ जानेवारी, सोमवार

पुन्हा. आज थंडी नव्हती.

संध्याकाळी अळूच्या वाफ्यात अनवाणी उभा राहिलो. पाणी घालून झाले होते, तरी उभाच होतो. चिखल थंड, मऊ. बोटांच्या बेचक्यांत पूर्वी जशी खाज सुटत असे, तशी सुटते का ते पाहत होतो. सुटली असती तर मला बरे वाटले असते, हे येथे स्पष्ट लिहून ठेवतो.

बांधावरून गजराबाईंनी पाहिले.

“काय हुडकताव चिखलात?”

“काही नाही.”

“जंत चालत येत्यात व्हय, नाव घिऊन हाका मारल्यावर?” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “घरला चला, गुरुजी. पाय धुवा.”

त्यांनी स्वतः तांब्याने माझ्या पायांवर पाणी घातले. माझ्या पायांवर दुसऱ्याने पाणी घातल्यास मी आक्षेप घेतो. आज घेतला नाही.

११ जानेवारी, शनिवार

डॉक्टरांकडे गेलो. रक्त साडेआठ. छातीला नळी लावल्याबरोबर तिला कळले. कधीपासून, असे विचारले. काल, म्हणून सांगितले.

“तुम्ही मला लवकर सांगायला हवं होतं, सर.” मग नळी गळ्यात टाकून, “मला वाईट वाटतं. जंत काढल्यामुळेच आलाय असं मी अजूनही ठाम म्हणणार नाही.”

“मी म्हणतो,” असे उत्तर दिले. “निष्कर्ष: जंत.” तिने तसे लिहून घेतले नाही.

रोज दोन वेळा ओढायचा फवारा दिला. नियमित घेतला तर दमा ताब्यात राहील, त्यासाठी जंतांची गरज नाही, म्हणाली. माझ्या पायांकडे पाहिले. “आणि वहाणा. नाही घातल्या तर पुन्हा तेच, आणि या वेळी रक्त टिकणार नाही.” भंडाऱ्याचा विषय तिने काढला, मी खिडकीबाहेर पाहिले.

दारात दोन जोड्या आहेत. माझी उचलली तर तिची एकटी राहते. यावर उपाय असलाच पाहिजे. इतकी वर्षे मुलांना अवघड वाक्ये सोडवून दिली.

१५ जानेवारी, बुधवार

उपाय सापडला. साधा आहे. माझी जोडी पायांत घातली. तिची कापडी पिशवीत घालून बरोबर घेतली. दारात काहीच राहिले नाही. रिकामा उंबरा डोळ्यांना बरा दिसला.

वहाणा टणक झाल्या आहेत. टाच सोलली. गजराबाई बरोबर होत्या. पिशवीत काय आहे, हे त्यांनी विचारले नाही. मंदिराच्या फाटकाशी मी माझ्या वहाणा काढून भिंतीकडेला ठेवल्या आणि शेजारी पिशवीतून काढून तिच्या ठेवल्या. तेव्हा त्यांना दिसले. पदर तोंडाशी धरून त्या पुढे चालू लागल्या.

जगदेवी दीपमाळेच्या पलीकडे उभी राहत असे, या जुन्या समजुतीने मी तिकडे निघालो. गजराबाईंनी मला तिकडून हाताने ओढून आणले. “हितं. हितं असायच्या अक्का.”

तेथे उभे राहिले की चहूकडून धक्के बसतात. पुढे काही दिसत नाही. हलगीचा आवाज पोटात जातो. येथे कोणी कोणाला गुरुजी म्हणत नाही. पालखी वळली आणि मुठी वर गेल्या. आधी आकाश पिवळे झाले, मग काही दिसेनासे झाले. येळकोट येळकोट जय मल्हार. मीही म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणताना शीळ सुरू झाली.

फवारा ओढला. रुमाल नाकाला धरला. गजराबाई “चला भायेर” म्हणत होत्या. मी मान हलवली. जगदेवी इतकी वर्षे शेवटपर्यंत थांबत होती. पालखी आत जाईपर्यंत मीही थांबलो. हे डॉक्टरांना सांगितले पाहिजे, आणि सांगेन.

फाटकात भागवत मोबाइलवर छायाचित्रे काढीत होता. माझी छाती ऐकून त्याने मोबाइल खाली केला.

“गुरुजी, परत आला का काय?”

“आला. छाप.”

“कसा छापू? दोन महिन्यांमागं मीच घालवलाय की.” मग त्याने माझा दंड धरला. मला कठड्यावर बसवून पाण्याची बाटली उघडून दिली, आणि शीळ उतरेपर्यंत काही न बोलता शेजारी बसून राहिला. शाळेत तो इतका वेळ गप्प कधी बसला नव्हता.

दोन्ही जोड्यांवर भंडाऱ्याचा थर बसला होता. कोणती माझी, हे आकारावरूनच ओळखावे लागले. तिची जोडी पिशवीत घातली.

गजराबाईंनी न्हाणीत पाणी तापवून ठेवले होते. त्यांच्या न्हाणीत मी प्रथमच गेलो. बसायला एक काळा दगड आहे, मधोमध झिजलेला. केस दोनदा धुतले. बाहेर आल्यावर कोरडा टॉवेल हातात देत गजराबाईंनी माझा कान वाकून पाहिला.

“राहिलाय हितं थोडा,” म्हणाल्या.

वहाणा मात्र धुतल्या नाहीत.

१६ जानेवारी, गुरुवार

रात्री दोनदा उठावे लागले. आता ठीक. भागवतच्या वृत्तातील, माझ्या बोलण्यातील व या दैनंदिनीतील चुकांची दुरुस्ती पुढीलप्रमाणे:

जगदेवीचे निधन: ९ फेब्रुवारी २०२२. महाशिवरात्र नव्हे.

मी वहाणा घालणे थांबवले: १० फेब्रुवारी २०२२. कारण वर दिले आहे.

दम्याचा शेवटचा झटका: ऑक्टोबर २०२२, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. वृत्तात ‘जानेवारी २०२४, भंडारा अंगावर पडताक्षणी’ असे आहे, ते चूक. अनवाणी चालण्यामुळे जंत व जंतांमुळे हा आराम, असा क्रम संभवतो, असे डॉक्टरांचे मत. दमा कोणी नेला याविषयीचे माझे १८ नोव्हेंबरचे विधान त्यामुळे मागे घेतो.

जगदेवी भंडाऱ्यापासून दूर उभी राहत असे, हे त्याच दिवशीचे विधानही मागे घेतो. ती मधोमध उभी राहत असे. शेवटची: जानेवारी २०२०.

जंतांची गोळी: ४ डिसेंबर २०२४.

दमा परतला: ३ जानेवारी २०२५. डॉक्टरांना सांगितलेली १० जानेवारी ही तारीख खोटी होती. दमा जगदेवीनेच नेला असे मानण्यासाठी ३ तारखेनंतरचे आणखी काही दिवस मला हवे होते.

मी पुन्हा वहाणा घातल्या: १५ जानेवारी २०२५.

जगदेवीच्या वहाणा उंबऱ्याबाहेर गेल्या: त्याच सकाळी. परत आल्या: त्याच दुपारी, भंडारा लागलेल्या. घरात आल्या तशाच ठेवल्या आहेत.